प्रोस्टेटचा लो-रिस्क कॅन्सर : पथ्य, औषधं आणि देखरेख यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ३५ वर्षं औषधांचं दुकान चालवलं. आता मुलगा बघतो. २०१९ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, माझ्याच बायोप्सीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. लो-रिस्क, म्हणजे कमी धोक्याचा होता, म्हणून ऑपरेशन न करता मी आजवर देखरेखीवर आहे. ही बातमी पेठेत पसरली तसे लोक विचारायला येऊ लागले. कुणी दुकानात, कुणी टेकडीवर चालताना, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, कुणी रात्री उशिरा फोनवर. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही. तुमच्या रिपोर्टचा अर्थ तुमच्या युरोलॉजिस्टनीच सांगायचा. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी मला पुरे आहे.

१. रिपोर्टमध्ये 'ग्लीसन ६' लिहिलंय. दहापैकी सहा, म्हणजे कॅन्सर निम्म्याच्या पुढे गेला का?

नाही. ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते, आणि तिचं मूळ मोजपट्टीत आहे. कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात त्याला पॅथॉलॉजिस्ट गुण देतात, आणि ग्लीसनचा आकडा ही अशा दोन गुणांची बेरीज असते, ३ + ३ = ६. हल्ली बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ६ च्या खालचा आकडा सहसा दिलाच जात नाही. म्हणजे ६ ही सगळ्यात खालची पायरी. हाच गोंधळ टाळायला २०१४ मध्ये पॅथॉलॉजिस्टांनी १ ते ५ अशी नवी श्रेणी ठरवली. त्यात ग्लीसन ६ म्हणजे ग्रेड ग्रुप १. तुमच्या रिपोर्टमध्ये हा शब्द शोधा.

लो-रिस्क म्हणायला तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: ग्रेड ग्रुप १, पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) १० च्या खाली, आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना गाठ लागलेलीच नसणं किंवा लागली तरी एका बाजूच्या अर्ध्या भागापुरतीच असणं. यातली एक जरी बिघडली तरी या पानावरची बरीच उत्तरं तुम्हाला लागू होत नाहीत.

ग्रेड ग्रुप १ च्या पेशी ग्रंथीबाहेर दूरवर पसरणं इतकं दुर्मिळ आहे, की याला कॅन्सर म्हणावं का यावरच तज्ज्ञांत वाद सुरू आहे. मग निर्धास्त का राहायचं नाही? कारण बायोप्सीची सुई प्रत्येक कोपऱ्यात पोहोचत नाही. शेजारीच वरच्या ग्रेडचं एखादं ठिकाण सुटलेलं असू शकतं.

२. कॅन्सर आहे म्हणता आणि ऑपरेशन नको म्हणता. नुसतं थांबणं सुरक्षित आहे का?

नुसतं थांबणं सुरक्षित नाही. लक्ष ठेवून थांबणं बऱ्याच जणांसाठी सुरक्षित आहे. याला ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. मी इथे देखरेख म्हणतो.

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली: देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांचा हिशेब २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले देखरेखीत ३.१ टक्के, ऑपरेशनमध्ये २.२ टक्के, रेडिएशनमध्ये २.९ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे.

पण लोक इथेच थांबतात, आणि पुढचा अर्धा भाग सांगत नाहीत. शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के होतं, बाकी दोन्हींत ५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय देखरेखीतल्या सुमारे ६१ टक्के लोकांनी १५ वर्षांत कधी ना कधी उपचार घेतलेच. त्या गटात सगळेच लो-रिस्क नव्हते, आणि देखरेख मुख्यतः पीएसएवर चालली होती. आजच्यासारखे एमआरआय आणि ठरलेल्या बायोप्सी नव्हत्या. मी यातून एवढंच घेतो, की घाईने ऑपरेशन करून लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता पणाला लावायची गरज नाही, आणि तपासण्या चुकवायचीही मुभा नाही.

घरच्यांना हे पटत नाही, कारण आपल्याकडे प्रोस्टेटचे बरेचसे रुग्ण उशिरा, कॅन्सर हाडांत गेल्यावर कळतात. आपल्या नात्यात पाहिलेला रुग्ण तसाच असतो. पुण्याच्या कॅन्सर नोंदणीत पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेट वरच्या क्रमांकांवर आहे, त्यामुळे असा कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. तुमची केस त्याच्यापेक्षा वेगळी आहे, हे घरच्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. स्वीडनमध्ये लो-रिस्कचे ९० टक्क्यांहून जास्त पुरुष आधी देखरेखीवरच जातात.

३. देखरेखीत काय काय करावं लागतं?

साधारणपणे दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाने तपासणी, अधूनमधून एमआरआय, आणि पहिल्या वर्षा-दीड वर्षात पुन्हा बायोप्सी. नंतरच्या बायोप्सी दोन ते पाच वर्षांच्या अंतराने. नेमकं वेळापत्रक प्रत्येक डॉक्टरचं थोडं वेगळं असतं.

पीएसए दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा होऊन सहा आठवडे जाऊ द्या. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा. त्याच्या मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवर पीएसए खोटा कमी दिसतो. केसांच्या गोळ्यांचा आणि या टेस्टचा संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

४. आहाराने हा कॅन्सर थांबतो का? हो की नाही, एवढंच सांगा.

थांबतो असं आजवर कुठल्याही नीट चाचणीत दिसलेलं नाही.

सगळ्यात थेट उत्तर अमेरिकेतल्या 'मील' चाचणीत मिळालं. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. देखरेखीवरचे ४७८ पुरुष घेतले, निम्म्यांना फोनवर समुपदेशन करून रोज भाज्यांची निदान सात वाढणी खायला लावली, दोन वर्षं. लोकांनी खरोखरच भाज्या वाढवल्या. तरीही कॅन्सर पुढे सरकण्याच्या वेगात दोन गटांत फरक पडला नाही.

त्याआधी २००५ चा एक छोटा अभ्यास होता, ९३ पुरुषांचा. पूर्ण शाकाहार, अगदी कमी स्निग्ध पदार्थ, चालणं, योग, ध्यान असं सगळं एकत्र. वर्षभरात त्या गटाचा पीएसए ४ टक्के उतरला, दुसऱ्या गटाचा ६ टक्के चढला. 'आहाराने कॅन्सर बरा' असे जे मेसेज फिरतात त्यांचा उगम बऱ्याचदा याच अभ्यासात सापडतो. पण तो लहान होता, एका वर्षाचा होता, आणि पीएसए थोडा हलणं म्हणजे कॅन्सर हलणं नव्हे.

५. मग पथ्य सोडून द्यायचं? वाट्टेल ते खायचं?

मुळीच नाही. लो-रिस्क कॅन्सर असलेल्या पुरुषाला प्रोस्टेटपेक्षा हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता जास्त असते. साठीतल्या पुणेकराला बहुधा थोडी शुगर, थोडं बीपी आणि थोडं पोट असतंच. तेव्हा ताट हृदयासाठी मांडा. लठ्ठपणाचा संबंध प्रोस्टेटच्या जास्त आक्रमक कॅन्सरशीही दिसतो, त्यामुळे वजन उतरलं तर दोन्हीकडे भलं होण्याची आशा आहे.

त्यासाठी परदेशी काही आणावं लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, वरण, आणि मंडईत त्या दिवशी जी ताजी असेल ती पालेभाजी: मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी. कोबी, फ्लॉवर, मुळा आलटून पालटून. जेवणात कोशिंबीर हवी, आणि चमचाभर नव्हे, वाटीभर. मटण महिन्यातून एखाद-दोन वेळा. सॉसेज-सलामीसारखं डबाबंद मांस नको. मिसळीवरची तर्री, रविवारची भजी, दुपारच्या चहाबरोबरची बाकरवडी यांतलं तेल आणि मीठ आपण मोजत नाही, ते मोजा. मी स्वतः भात अर्धा केला आणि संध्याकाळचं फरसाण बंद केलं. दोन वर्षांत सात किलो उतरले. कॅन्सरचं त्याने काय झालं मला ठाऊक नाही, पण बीपीची एक गोळी सुटली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पथ्याचा घरात जाच होऊ देऊ नका. नातवाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला म्हणून रात्रभर जागा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. एका तुकड्याने काहीही होत नाही.

६. टोमॅटो, डाळिंब, ग्रीन टी, हळद यांचं काय?

जिन्नस म्हणून सगळे चांगले. औषध म्हणून एकाचंही सिद्ध झालेलं नाही.

टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य शिजवून, थोड्या तेलाबरोबर अंगी जास्त लागतं, म्हणजे आपलं सार किंवा भाजी उत्तम. टोमॅटो जास्त खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी असल्याचं काही पाहण्यांत (लोक काय खातात ते नुसतं नोंदवणाऱ्या अभ्यासांत) दिसलं, पण ते खाल्ल्याने आधीचा कॅन्सर मंदावतो हे त्यातून ठरत नाही.

उपचारांनंतर पीएसए चढत असलेल्या रुग्णांना डाळिंबाचा अर्क देऊन पाहिला. औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नाही. फळ म्हणून जरूर खा. रस मात्र शुगर असेल तर नको.

ग्रीन टी प्यायला हरकत नाही. त्याच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीचंही तसंच. आमटीत हवी तितकी घाला, पण मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या जास्त डोसच्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर त्या आणखी धोक्याच्या.

७. जवस खावं का? आणि मासे?

इथे मला थोडी आशा वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलेल्या १६१ पुरुषांवर २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना ऑपरेशनच्या आधी महिनाभर रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं. काढलेल्या ग्रंथी तपासल्यावर जवस खाणाऱ्यांच्या गाठीत पेशींची वाढ कमी दिसली. पीएसएत मात्र फरक नव्हता.

माशांबद्दल २०२४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातून बातमी आली. देखरेखीवरचे १०० पुरुष, एक वर्ष. निम्म्यांना ओमेगा-३ जास्त आणि ओमेगा-६ कमी (हे दोन्ही स्निग्ध पदार्थांचे प्रकार) असा आहार, शिवाय माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. 'केआय-६७' ही पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगणारी खूण आहे. ती या गटात सुमारे १५ टक्के उतरली, नेहमीचं खाणाऱ्यांत सुमारे २४ टक्के चढली. ग्लीसनचा आकडा मात्र दोन्ही गटांत तसाच राहिला. खूण सुधारली म्हणजे माणूस जास्त जगेल, असं अजून कुणी दाखवलेलं नाही.

मी काय करतो? जेवणात जवसाची चटणी असते, घरी भाजून कुटलेली, कारण अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. चटणीत मीठ बेताचं. ३० ग्रॅम म्हणजे तीन-चार मोठे चमचे होतात, तितकं एकदम सुरू केलंत तर पोट बिघडेल. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी, तळून नको, कालवण करून. ओमेगा-६ कमी करायचं म्हणून सूर्यफूल-करडईचं तेल घराबाहेर काढायची गरज मला वाटत नाही. तळण कमी केलं की ते आपोआप कमी होतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

८. दूध-दही बंद करावं का?

दूध आणि कॅल्शियम खूप जास्त घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला काही मोठ्या पाहण्यांत दिसतो. मात्र या पाहण्या आहेत, चाचण्या नव्हेत. चहापुरतं दूध आणि वाटीभर दही किंवा ताक यांना मी भीत नाही. रोज लिटरभर म्हशीचं दूध पिणारे एक पैलवान काका आमच्याकडे येतात, त्यांना मात्र कमी करायला सांगितलं. पूर्ण बंद केलंत तर हाडांचा विचार करावा लागेल, म्हणून नाचणी, तीळ, राजगिरा वाढवा.

९. साखरेने कॅन्सर वाढतो म्हणतात. गूळ चालेल?

साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. शरीर भातातून, भाकरीतूनही ग्लुकोज बनवतंच. कमी करायची ती वजन आणि शुगरसाठी, आणि त्या हिशेबात गूळ साखरेचाच भाऊ. दिवसातून चार अमृततुल्य पिणाऱ्यांनी आधी ते दोनवर आणावेत.

१०. प्रोस्टेटसाठीच्या व्हिटॅमिन गोळ्या घेऊ का? जाहिरातीत तर सेलेनियम, व्हिटॅमिन ई आहे.

नका घेऊ. हे मी औषधविक्रेता म्हणून सांगतो आहे. अशा डब्या मी माझ्या हातांनी कित्येक वर्षं विकल्या आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

'सिलेक्ट' ही ३५,००० हून जास्त निरोगी पुरुषांची चाचणी. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल या आशेने केलेली. २०११ मध्ये हिशेब आला: रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्के जास्त. सेलेनियमचा काही उपयोग झाला नाही. तरीही डबीवर 'प्रोस्टेटचं आरोग्य' असं छापून ती विकली जाते.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर जरूर भरून काढा, हाडांसाठी. पण ६०,००० युनिटची ती आठवड्याची पुडी ठरावीक आठवड्यांपुरती असते. काहीजण ती दोन-दोन वर्षं चालू ठेवतात, आणि मग रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाचं नुकसान होऊ शकतं. तपासून घ्या, संपली की थांबा.

११. हा कॅन्सर मंदावणारं औषध आहे की नाही?

तसे प्रयोग झाले आहेत, आणि दोन सांगण्यासारखे आहेत.

ड्युटास्टेराइड ही वाढलेल्या प्रोस्टेटसाठीची जुनी गोळी. 'रिडीम' चाचणीत देखरेखीवरच्या ३०२ पुरुषांपैकी निम्म्यांना ती रोज ०.५ मिलिग्रॅम, तीन वर्षं दिली. २०१२ च्या निकालात कॅन्सर पुढे सरकल्याचं गोळी घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांत दिसलं, न घेणाऱ्यांत ४८ टक्क्यांत. मृत्यू कमी होतात का, हे तीन वर्षांत कळणं शक्यच नव्हतं. बदल्यात कामेच्छा कमी होणं, छाती दुखरी होणं असे त्रास काहींना होतात. आधीच्या मोठ्या चाचण्यांत या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत वरच्या ग्रेडचे कॅन्सर थोडे जास्त दिसल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. पुढे याच जातीच्या फिनास्टेराइडच्या चाचणीतल्या लोकांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा प्रोस्टेटच्या कॅन्सरने मृत्यू वाढलेले दिसले नाहीत.

दुसरं एन्झालुटामाइड, पसरलेल्या कॅन्सरसाठीचं जोरदार औषध. ते लो आणि मध्यम धोक्याच्या २२७ जणांत वर्षभर वापरून पाहिलं. पुढे सरकण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी झाला, पण औषध थांबल्यावर दुसऱ्या वर्षी हा फायदा विरत गेला. थकवा आणि छाती वाढणं बऱ्याच जणांना झालं.

माझं मत विचाराल तर ज्या आजाराला उपचारच नको म्हणून आपण थांबलो आहोत, त्याच्यासाठी रोज थकवणारी गोळी घेणं मला पटत नाही. प्रोस्टेट मोठं असून लघवीचा त्रासही असेल तर ड्युटास्टेराइडचा विचार वेगळा होतो. तसं असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय जाऊ नका.

१२. लघवीसाठी टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी सुरू आहे. पीएसए ५.८ वरून २.९ झाला. कॅन्सर कमी झाला ना?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त घाबरतो, कारण विचारणारा आनंदात असतो.

ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा करतात. कॅन्सर आहे तसा राहूनही. म्हणून २.९ ला दोनने गुणा: ५.८, म्हणजे होतात तिथेच आहात. गोळीवर असताना पीएसए ज्या तळाला टेकला तिथून तो पुन्हा चढू लागला, तर आकडा कितीही लहान दिसो, डॉक्टरांना कळवा. लॅबच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येईल, कारण लॅबला तुमची गोळी माहीत नसते.

केस गळतात म्हणून फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. ते डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात. लाजू नका. नुसतं टॅमसुलोसिन असेल तर पीएसए असा खाली येत नाही.

आणखी दोन गोष्टी, दुकानातल्या सवयीने. ड्युटास्टेराइड घेत असताना आणि थांबल्यावर सहा महिने रक्तदान करू नका. घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर तिने फुटलेली कॅप्सूल हाताळू नये.

१३. शुगरची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन यांनी फायदा होतो असं वाचलं. सुरू करू का?

कॅन्सरसाठी म्हणून सुरू करू नका. मेटफॉर्मिनबद्दल फार आशा होती. कॅनडात देखरेखीवरच्या सुमारे ४०० पुरुषांवर ते तपासलं, २०२४ मध्ये निकाल आला, फायदा नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) आणि ॲस्पिरिनबद्दल फक्त पाहण्या आहेत. शुगर किंवा कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेल्या गोळ्या चालूच ठेवा. ॲस्पिरिन स्वतःहून घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि स्टेंट घातलेला असेल तर बायोप्सीच्या आधी ते स्वतःहून बंदही करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा.

१४. आयुर्वेदिक औषध घेतलं तर काय बिघडतं? ते तर नैसर्गिक असतं.

आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. आजोबांच्या काढ्यावर मी वाढलो. हा प्रश्न मी औषधांच्या अंगाने बघतो.

अमेरिकेत 'पीसी-स्पेस' नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण प्रोस्टेटसाठी विकलं जायचं. रुग्णांचे पीएसए खरोखर उतरत होते, डॉक्टरही चकित होते. मग प्रयोगशाळेत तपासलं तर त्यात स्त्री-हार्मोनसारखं कृत्रिम औषध, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि वेदनाशामक सापडलं. २००२ मध्ये ते बाजारातून काढलं. पीएसए वनस्पतींनी उतरत होता की त्या भेसळीने, हे घेणाऱ्यांना कधी कळणार होतं? म्हणून घटक न छापलेली पुडी, कुणी 'खास' बनवून दिलेलं चूर्ण, पाहुण्याने दूरवरून आणलेली बाटली, यांना माझा ठाम नकार आहे.

आता आपल्याकडची नावं. अश्वगंधाने टेस्टोस्टेरॉन थोडं वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि गोखरू, शिलाजीत ताकदीच्या नावाखाली त्याचसाठी विकले जातात. प्रोस्टेटच्या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉन लागतं. म्हणून ही तीन मी टाळायला सांगतो. चंद्रप्रभा वटीतही शिलाजीत असतं, हे घेणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. भस्मं असलेल्या औषधांत जड धातूंचा प्रश्न येतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर विशेष. वैद्यांकडे जायचंच असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन जा, आणि त्यांनी लिहून दिलेलं युरोलॉजिस्टना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. लपवलेल्या औषधामुळे पीएसएच्या आकड्यावरचा विश्वासच उडतो.

१५. व्यायामाने काही होतं का?

सगळ्यात मनापासून मी हेच सुचवतो. कॅनडातल्या 'इरेज' चाचणीत देखरेखीवरच्या ५२ पुरुषांपैकी निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रशिक्षकासमोर ट्रेडमिलवर जोराचा व्यायाम करायला लावला. दमसास तर वाढलाच, पीएसए आणि तो चढण्याचा वेगही कमी झाला. अभ्यास लहान आहे, थोड्या दिवसांचा आहे, पण व्यायामाचे हृदयावरचे फायदे यासाठी थांबून राहिलेले नाहीत.

पुण्यात याला निमित्त शोधावं लागत नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या. रमतगमत चालून वर राजकारणावर गप्पा मारणं वेगळं आणि बोलताना धाप लागेल असं चालणं वेगळं. दुसरं हवं. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सिगरेट-विडी ओढत असाल तर व्यायामाआधी ती सोडा. ओढणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने मृत्यू जास्त दिसतात.

१६. पीएसए ५ वरून एकदम ७.४ झाला. आता ऑपरेशनच ना?

एका आकड्यावर कुणी चांगला डॉक्टर ऑपरेशन ठरवत नाही. आधी प्रश्न ३ मधली कारणं तपासा, मग काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. माझा २०२१ मध्ये असाच उसळला होता. लघवीचा संसर्ग निघाला, दोन महिन्यांत खाली आला. दुसऱ्यांदाही चढलेलाच असेल तर एमआरआय, आणि गरजेप्रमाणे बायोप्सी. देखरेख सोडून उपचारांकडे वळायचं मुख्य कारण म्हणजे बायोप्सीत ग्रेड वर जाणं.

१७. लो-रिस्क असूनही देखरेख कुणाला चालत नाही?

काही जणांना जपून. वडील किंवा भावाला कमी वयात प्रोस्टेटचा कॅन्सर, किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. बीआरसीए-२ या जीनमध्ये दोष असेल तर कॅन्सर जास्त आक्रमक होऊ शकतो. आपल्याकडे बायकांचे आजार घरात झाकून ठेवतात, त्यामुळे पुरुषांना स्वतःच्या मावशीला काय झालं होतं हेच माहीत नसतं. विचारा.

दुसरं, पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागून पाहतात. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० घन सेंटीमीटर असेल तर ०.१, तोच ६ आणि ग्रंथी ३० ची असेल तर ०.२. हा भागाकार ०.१५ च्या वर गेला तर बायोप्सीत काही सुटलं असण्याची शंका वाढते. सोनोग्राफी किंवा एमआरआयच्या रिपोर्टमध्ये आकार दिलेला असतो, घरी बसून भागता येतं.

१८. वडील ८३ वर्षांचे आहेत, हृदयाचंही दुखणं आहे. त्यांच्याही बायोप्सी करत राहायच्या?

बहुधा नाही. आणखी दहा वर्षं आयुष्य अपेक्षित नसेल तर सुया आणि एमआरआय थांबवून फक्त त्रास होतो का ते बघतात. लक्षणं आली तर हार्मोनचे उपचार देतात. याला वॉचफुल वेटिंग म्हणतात. हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून, वडिलांना समोर ठेवून घ्या. त्यांच्या पाठीमागे नको.

१९. माझे यजमान पथ्य अगदी काटेकोर पाळतात, जवस, टेकडी, सगळं. पण बायोप्सीचं नाव काढलं की 'मला आता काही होत नाही' म्हणतात. काय करू?

ताई, हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात सहा जणींनी विचारला. पथ्य आपल्या हातात असतं आणि सुई दुसऱ्याच्या, म्हणून माणूस पथ्याला धरून बसतो. त्यांच्यावर चिडू नका. पण प्रश्न ४ मधली ती भाज्यांची चाचणी त्यांना वाचून दाखवा. रोज सात वाढणी भाजी खाणाऱ्यांचाही कॅन्सर तितक्याच वेगाने पुढे सरकला होता, आणि तो कळला तो तपासण्या चालू होत्या म्हणूनच.

मग भीती नेमकी कशाची ते विचारा. संसर्गाची असेल तर गुदद्वारातून सुई न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून बायोप्सी करता येते, त्यात संसर्ग कमी होतो. ती सोय कुठे आहे ते युरोलॉजिस्टना विचारा. दुखण्याची असेल तर भूल कशी देतात ते आधी समजून घ्या. आधी एमआरआय करून त्यावर पुढचं ठरवता येईल का, तेही विचारा. आणि भीती कॅन्सर वाढल्याचं ऐकण्याचीच असेल, तर त्यांना सांगा की ग्रेड एका पायरीने वर गेली तरी ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही वाटा बहुधा उघड्या असतात, फक्त वेळेवर कळायला हवं. पुढच्या पीएसएची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी लॅबमध्ये त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.